बायादोलिदला गेलेली आजारांची यादी

प्रणोतीनं यादी मराठीतच मागितली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे रामायण झालं त्यात त्या बिचारीचा काडीचाही दोष नव्हता.

रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिला आठवा महिना लागला होता. ती राहते स्पेनमधल्या बायादोलिद नावाच्या गावात, आणि तिकडं शिकलेल्या, पगारी सुइणी असतात. त्यांना मात्रोना म्हणतात. "ती मात्रोना विचारून राहिली बाबा," प्रणोती म्हणाली, "की माझ्या आईवडिलांच्या घरी कोणाकोणाला काय काय आजार आहेत. तुम्ही आणि आई बसून मराठीत लिहून पाठवा. मी स्पॅनिशमध्ये करून देते."

"काही गरज नाही," मुरलीधरराव गावंडे म्हणाले. "मी स्पॅनिशमध्येच पाठवतो."

फोनच्या त्या बाजूला प्रणोती आणि या बाजूला त्यांची बायको बेबीताई, दोघीही त्यांच्याकडं बघू लागल्या. मुरलीधररावांना स्पॅनिशचे दोन शब्द येत होते. एक 'ओला', म्हणजे नमस्कार, आणि दुसरा 'ग्रासियास', म्हणजे आभार. जावयाशी, म्हणजे आल्वारोशी, त्यांचं नातं गेली चार वर्षं या दोन शब्दांवर उत्तम चाललं होतं. एकमेकांना नमस्कार करायचा, एकमेकांचे आभार मानायचे आणि फोन बायकोच्या हातात द्यायचा. पुष्कळ सासरे-जावई याहून जास्त शब्द वापरून भांडतात.

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतं," मुरलीधरराव पुढं म्हणाले. "ते तर तुम्ही तिकडंच करून राहिले. निदान कागद तरी माहेरचा येऊ दे."

हे कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या पोटात आणखी एक कारण होतं आणि ते बेबीताईंना चांगलंच माहीत होतं.

चौदा महिन्यांपूर्वी मुरलीधरराव भाजीच्या पिशवीसकट जबलपुरातल्या कांचघरच्या चौकात खाली बसले होते. लोकांनी दवाखान्यात नेलं, हार्ट अटॅक निघाला, दोन स्टेंट बसले, सहा दिवसांचा मुक्काम झाला. प्रणोतीला कळवलं नाही. तिची नवी नोकरी होती, ती सगळं टाकून धावत आली असती. बेबीताईंनी तिला सांगितलं की बाबा पाटणला आत्याकडे गेले आहेत, आत्याच्या घराचा स्लॅब टाकून राहिले आणि तिथं नेटवर्क नाही. प्रणोतीनं लगेच बजावलं, "बाबांना म्हणा, छतावर चढू नका." मग पुढच्या आठवड्यात सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करता करता सांगायची वेळच निघून गेली.

आणि आता तर सांगायची सोयच राहिली नव्हती. नवव्या महिन्यात दोघांनी बायादोलिदला जायचं ठरलं होतं. व्हिसा झाला होता, तिकिटं झाली होती, बेबीताईंनी डिंक आणून ठेवला होता. हृदयाचं प्रकरण कळलं की लेक बाबांना विमानात बसू देणार नाही, यात शंका नव्हती. मुरलीधररावांना जायचं होतं. तीन वर्षं ते आपल्या पोरीला फोनच्या काचेत बघत होते. ती तिथं काय खाते, कोणत्या खुर्चीत बसते, तिच्या खिडकीतून काय दिसतं, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं, आणि ते न कळता मरायची त्यांना भीती वाटायची. रोज सकाळी ते मोबाईलवर आधी बायादोलिदचं हवामान बघत आणि मग जबलपूरचं. "तिकडं आज चार डिग्री," असं ते चहा पिताना सांगत आणि स्वतः शाल पांघरून घेत.

म्हणून त्यांना शब्द आपल्या हातात हवे होते. मराठीत 'हृदय' हा शब्द वाचला की लेकीच्या काळजात धस्स होतं. परक्या भाषेतला एखादा मऊ शब्द सापडला तर तोच आजार डोळ्यांखालून निमूट निघून जातो.

मुरलीधरराव फॅक्टरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यातला दोष कोणत्या वर्गातला, हे ते ठरवायचे: मायनर, मेजर की क्रिटिकल. ओरखडा मायनर, तडा क्रिटिकल. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी घरात हीच वर्गवारी चालू होती. वरणात मीठ कमी म्हणजे मायनर, चहाला उशीर म्हणजे मेजर. क्रिटिकल असं काही बेबीताईंच्या राज्यात घडत नसे, आणि घडलं तर ते लिहून ठेवायची परवानगी नसे. त्यांनी एक लांब रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले: नाव, नातं, आजार, वर्ग, स्पॅनिश शब्द. मोबाईलवर एक पान सापडलं होतं, त्यावर आजारांचे स्पॅनिश शब्द आणि कोणता शब्द कुठं शोभतो ते सविस्तर दिलं होतं. म्हणजे शब्दांचा पुरवठा मुबलक होता. तुटवडा निघाला तो आजारांचा.

कारण आपल्याकडं आजाराचं नाव कोणी घेत नाही. घरात लग्नाचं पोरगं असलं की त्या घरात कोणालाच काही होत नाही. काकांना मधुमेह नसतो, त्यांनी फक्त गोड 'कमी केलेलं' असतं. मावशीला फिट येत नाही, ती लहानपणी एकदा 'घाबरली' होती. मामा वर्षभर पलंगावर असतात ते 'जरा थकले' म्हणून. पोरांची लग्नं उरकली की आजार उघड्यावर येतील म्हणावं, तर तोवर नातवंडं लग्नाची होतात. असे आमचे पिढ्यान्‌पिढ्या ठणठणीत लोक पटापट मरत असतात.

मुरलीधररावांनी नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंत नऊ नातेवाइकांना फोन केले. नऊही जणांनी देवाच्या दयेनं आम्हाला काही नाही असं सांगितलं. फोन ठेवता ठेवता प्रत्येकानं पुस्ती जोडली, "पण वसुधाला विचारलं का? तिची थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणतात." वसुधाला विचारलं तर ती म्हणाली, "मला कुठं काय! शरच्चंद्र भाऊजींचं मात्र लिवर गेलं, माझं नाव सांगू नका." स्वतःचं कोणी सांगत नव्हतं आणि दुसऱ्याचं कोणी लपवत नव्हतं. मुरलीधररावांमधला इन्स्पेक्टर जागा झाला. त्यांनी पद्धत बदलली आणि ज्याला त्याला दुसऱ्याबद्दलच विचारायला सुरुवात केली. दोन दिवसांत रजिस्टरची अकरा पानं भरली.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून वसुधाचा उलट फोन आला, आवाज रडवेला. "दादा, फार वाईट वाटलं हो. काहून असं झालं?"

"काय झालं?"

"लपवू नका. स्पेनवाले प्रणोतीला परत पाठवून राहिले ना? आजार मोजायला लागले म्हणजे दुसरं काय!"

तासाभरात आणखी दोघांचे सांत्वनाचे फोन आले. एकानं तर भोपाळच्या चांगल्या वकिलाचा नंबर दिला. चौतीस वर्षांत ज्यांच्या सहीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, त्या मुरलीधररावांना 'पोरगी सुखात आहे' हे नऊ ठिकाणी शपथेवर सांगावं लागलं. आणि जितकी शपथ घ्यावी तितका लोकांचा संशय पक्का होत गेला.

शेजारचे दुबेजी रेल्वेतून रिटायर झालेले, रोज संध्याकाळी येऊन बसणारे. त्यांनी चष्मा लावून रजिस्टर चाळलं आणि मान हलवली. "गावंडेजी, ये सब बहुत हल्का लग रहा है। गठिया, खाँसी, गैस। बेटी के ससुराल में मायके का कुछ वज़न तो पड़ना चाहिए।" थोडा विचार करून ते उदारपणे म्हणाले, "मेरा साइटिका है, बाईस साल पुराना। चाहो तो वो भी लिख दो, मुझे कोई एतराज़ नहीं।" घरचे लोक स्वतःचे आजार द्यायला तयार नव्हते आणि शेजारी न मागता देऊन राहिले होते. मुरलीधररावांना भरून आलं, पण रक्ताचं नातं नसल्यामुळं ते दान नाकारावं लागलं.

घरातला माल तपासणं त्याहून अवघड गेलं. बेबीताईंना दहा वर्षांपासून बीपी.

"त्यांच्याकडं बीपीला तेन्सियोन म्हणतात," मुरलीधररावांनी माहिती दिली.

"म्हणजे टेन्शनच ना?"

"तसंच म्हण."

"मग हुशार आहेत ते लोक. आपल्या डॉक्टरनं दहा वर्षं गोळ्या दिल्या, पण टेन्शन कोणाचं आहे हे एकदाही विचारलं नाही." असं म्हणून त्यांनी मुरलीधररावांकडं पाहिलं. मुरलीधररावांनी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

"आणि प्रणोतीला पाचव्या महिन्यात नजर लागली होती, तेही लिहा."

"तो आजार नाही."

"काहून नाही? मीठमोहऱ्या ओवाळल्यावर उतरला ना?"

"तू फोनवर ओवाळल्या होत्या, बेबी!"

"मग? उतरलाच ना."

वाद मिटवायला म्हणून मुरलीधररावांनी शोधलं, तर नजरेला तिकडं चक्क शब्द निघाला. 'माल दे ओहो'. स्पेनमध्ये लोकांना नजर लागते, आणि त्यावर उतारेही असतात म्हणे! बायादोलिद त्यांना एकदम दोन स्टेशनं जवळ आल्यासारखं वाटलं. त्यांनी नोंद केली आणि वर्गाच्या रकान्यात 'मायनर' लिहिलं. ते पाणी प्यायला उठले तेवढ्यात बेबीताईंनी त्याचं 'मेजर' करून टाकलं. त्यांच्या स्वतःच्या शुगरलाही तिकडची म्हातारी माणसं साखरच म्हणतात, 'आथुकार', हेही कळलं. आजार सांगण्याच्या बाबतीत इकडची आणि तिकडची माणसं सारखीच आडवळणी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यामुळं त्यांचा उत्साह वाढला. ते फिरायला जाताना 'फिएब्रे' म्हणजे ताप, 'दोलोर' म्हणजे दुखणं असं पुटपुटत जात. समोरून येणारे लोक ते मंत्र म्हणताहेत असं समजून बाजूला होत.

राहिल्या होत्या सत्यभामाताई. मुरलीधररावांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम जबलपूरजवळचं पाटण. त्या फोनवर कोणालाच दाद देत नसत, म्हणून मुरलीधरराव बसनं गेले.

"तुला काय काय आहे, ताई?"

"मले काय धाड भरली? धडधाकट आहो मी," सत्यभामाताई म्हणाल्या आणि सुपारीच्या डबीतून चार गोळ्या काढून त्यांनी पाण्याबरोबर घेतल्या. "ह्या शक्तीच्या आहेत."

मुरलीधररावांनी रजिस्टरमध्ये 'शक्ती (चार)' असं लिहून ठेवलं. मग सहज, शेवटचा रकाना भरायचा म्हणून विचारलं, "आपले बाबा कशानं गेले ग? मी बारा वर्षांचा होतो, मला धड आठवत नाही. झोपेत गेले ना?"

त्यांच्या घरात हेच सांगितलं जाई. बावन्नाव्या वर्षी झोपेत गेले, पुण्यवान माणूस.

सत्यभामाताईंनी सुपारीची डबी बंद केली. "झोपेत कशाचे रे? ओसरीवर छातीले हात लावून बसले होते. घामानं सदरा ओला. डॉक्टर म्हणाला, हृदय. आईनं त्याचे पाय धरले. म्हणे कागदावर काही लिहू नका, पोरीचं लग्न ठरून राहिलं."

"कोणाचं लग्न?"

"माह्यं. दुसऱ्या कोणाचं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चोपन्न वर्षं झाली. मागच्या साली तू गेला असता तरी मी लोकांले झोपेतच गेला म्हणून सांगितलं असतं. सवयच ते. पोरीले सांगितलं का तू?"

"सांगतो."

"सांगशील! तू आईवर गेला."

परतीच्या बसमध्ये मुरलीधरराव रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. बाबांपासून सुरू झालेली एक रेघ त्यांच्यापर्यंत आली होती. ती पुढं प्रणोतीकडं जात होती, आणि तिथून जे अजून जगात आलंच नव्हतं त्याच्याकडं. मात्रोना नेमकी हीच रेघ विचारत होती. इन्स्पेक्शनमधल्या माणसाला एवढं समजायला कोणाची गरज नव्हती. त्यांना ते समजलं, आणि पाठोपाठ तीन आठवड्यांनी सुटणारं विमानही दिसलं.

त्यांच्या हृदयासाठी शब्द तयार होता, 'इन्फार्तो'. तो त्यांना पहिल्यापासून आवडला नव्हता. मोठ्यानं म्हटला की शेजारी बसलेला माणूस दचकेल असा शब्द. खाली आणखी एक होता, 'आचाके'. म्हातारपणाच्या बारीकसारीक कुरबुरींना तो वापरतात, असं त्या पानावर लिहिलं होतं. गुडघा कुरकुरतो, कंबर धरते, तसलं काही. मुरलीधररावांनी आपल्या नावापुढं लिहिलं: हृदय, आचाके, मायनर. आणि वडिलांच्या नावापुढं 'झोपेत' हा शब्द तसाच राहू दिला. चौतीस वर्षांत त्यांनी तडा गेलेला एकही नग मायनर म्हणून पास केला नव्हता. हा पहिला, आणि तो त्यांच्या छातीतच होता.

यादी गेली. संध्याकाळी प्रणोतीचा फोन आला, ती हसून हसून बेजार झाली होती. "बाबा, 'आचाके' कुठून शोधला तुम्ही? आल्वारोची आजी म्हणायची हा शब्द! आणि नजर पण लिहिली! मात्रोनानं ती यादी भिंतीवर लावून ठेवली म्हणे." मग हसू थांबवून तिनं विचारलं, "पण तुमच्या हृदयाला काय झालं?"

"वय झालं. कधी जरा धडधड होते," मुरलीधरराव म्हणाले. बेबीताई उठून आत गेल्या.

त्यानंतरच्या दिवसांत डिंकाचे लाडू वळले गेले, बॅगांचं वजन तीनदा झालं, दुबेजींनी परदेशात पाणी कसं प्यावं यावर दोन संध्याकाळ खर्च केल्या. मुरलीधररावांना हे सगळं गोड लागायला हवं होतं. पण त्यांचं मन लागत नव्हतं. प्रणोतीचे फोन हल्ली छोटे झाले होते आणि तिच्या मागं नेहमी एक कोरी पांढरी भिंत दिसायची. "घरी रंगकाम चालू आहे," ती म्हणायची.

गुरुवारी दुपारी ती अशीच भिंतीला टेकून बोलत होती. जेवलात का, ऊन पडलं का, चाललं होतं. एवढ्यात एका बाईचा हात चित्रात आला, प्रणोतीच्या दंडाला काहीतरी गुंडाळून गेला, आणि बाई बाजूनं कोणाला तरी म्हणाली, "ओत्रा बेथ ला तेन्सियोन मुय आल्ता."

"कोण आहे ग?" बेबीताईंनी विचारलं.

"शेजारीण आहे, आई. बसायला आली."

"शेजारीण बीपी मोजून राहिली?" मुरलीधरराव म्हणाले.

प्रणोतीचा चेहरा जागीच थांबला. नेटवर्क गेलं की काय असं वाटण्याइतका थांबला.

"ती म्हणाली, पुन्हा बीपी फार जास्त आहे," ते म्हणाले. "मी एकशे बारा शब्द शिकलो बेटा. सगळे आजाराचेच शिकलो. ती भिंत कुठली आहे?"

मागं कुठंतरी यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. मग प्रणोती रडायला लागली. बारा दिवसांपासून ती दवाखान्यात होती. बीपी उतरत नव्हतं, पायांवर सूज होती, बाळ बहुतेक लवकर काढावं लागणार होतं. "तुम्हाला काय सांगणार होती मी? तुम्ही काळजी करत बसले असते. सगळं टाकून धावत आले असते."

नेमकं हेच वाक्य चौदा महिन्यांपूर्वी याच खोलीत बेबीताईंनी म्हटलं होतं. दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडं पाहिलं. लेक कोणाची आहे ते सांगायला कोणत्याही तपासणीची गरज नव्हती.

त्या बाईनं, म्हणजे नर्सनं, प्रणोतीला काहीतरी विचारलं. तिच्या हातात एक कागद होता. प्रणोतीनं डोळे पुसले. "ती विचारते बाबा, यादीत हृदयाचं 'आचाके' लिहिलंय, ते नक्की काय आहे? डॉक्टरांना सांगायचं म्हणते."

मुरलीधररावांनी बेबीताईंकडं पाहिलं. बेबीताईंनी हळूच मान डोलावली. कोपऱ्यात दोन बॅगा उभ्या होत्या, एकीवर त्यांचं नाव होतं. त्या क्षणी त्यांना कळलं की ती बॅग आता कुठं जात नाही.

"फोन तिला दे," ते म्हणाले.

काचेत एक अनोळखी, दमलेला, भला चेहरा आला. मुरलीधररावांनी घसा साफ केला, बसल्या जागी ताठ झाले आणि जेवढं येत होतं तेवढं सगळं बोलून टाकलं. "ओला. सोय एल पाद्रे. नो आचाके. इन्फार्तो. यो. दोस स्टेंट." मी तिचा बाप. कुरबूर नाही, इन्फार्तो. मला. मग श्वास घेऊन, "मी पाद्रे, इन्फार्तो. सिंक्वेन्ता इ दोस. मुएर्तो." माझे वडील. बावन्न. गेले. चोपन्न वर्षं जी गोष्ट त्यांच्या घरात कोणी कोणाला सांगितली नव्हती, ती त्यांनी सात समुद्रांपलीकडच्या परक्या बाईला सांगितली, तीही व्याकरण सोडून.

नर्सनं सगळं लिहून घेतलं, पुन्हा एकदा वाचून दाखवलं, आणि "ग्रासियास" म्हणाली. मुरलीधरराव गडबडून पुन्हा "ओला" म्हणाले.

फोन परत प्रणोतीकडं गेला. "केव्हा, बाबा?" तिनं अगदी हळू विचारलं.

"तू छतावर चढू नका म्हणाली होती ना, तेव्हा."

पुढची वीस मिनिटं ती रडली, रागावली, मध्येच हसली, आईला बोलली, आत्याला बोलली, पुन्हा रडली. कोणी कोणाला गप्प बस म्हणालं नाही. तिघांनाही फार दिवसांनी मोकळं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. शेवटी नाक पुसत ती म्हणाली, "पण तुम्ही असे येऊन नाही राहिले. आधी डॉक्टरला दाखवा. तो हो म्हणाला तरच."

डॉक्टर नाही म्हणाला नाही. त्यानं ट्रेडमिलची तपासणी करून मग सांगतो म्हटलं. त्या मशीनचा एक भाग बिघडला होता, तो इंदूरहून यायचा होता, आणि तारीख मिळाली ती विमानानंतर आठ दिवसांची. मुरलीधररावांनी दवाखान्याच्या खिडकीवर विनंती केली, मग नोकरीत असताना वापरायचे तसला आवाज लावून पाहिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "अंकल, आवाज़ मत चढ़ाइए, आप हार्ट के पेशेंट हैं।"

बेबीताई एकट्या नागपूरच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. त्या निघाल्या. जाताना त्यांनी गॅस बंद करायचं सहा वेळा सांगितलं आणि सातव्या वेळी त्या स्वतःच आत जाऊन बटण बघून आल्या. मुरलीधररावांनी रजिस्टर त्यांच्या पर्समध्ये घातलं. घरी परतल्यावर ते दोन्ही खोल्यांतून उगाच फिरून आले आणि मग बायादोलिदचं हवामान बघत बसले.

मुलगी झाली, तारखेच्या साडेचार आठवडे आधी. दोन किलोची. काचेच्या पेटीत होती, पण दंगा करत होती. प्रणोतीचं बीपी उतरू लागलं. बेबीताई दिवसातून पाच वेळा फोन करून शब्द विचारत. सूज कशाला म्हणतात, दूध ओकलं तर काय म्हणायचं, आणि या विहीणबाई पिलार माझे लाडू स्वतःच खाऊन राहिल्या, त्यांना कसं सांगू. फोन बाळाकडं वळला की मुरलीधरराव आपला फोन डोळ्यांजवळ नेत. मग तिची एवढीशी मूठ धूसर व्हायची, म्हणून पुन्हा लांब धरत. हात पुढं करावा असं सारखं वाटायचं, आणि पुढं काच असायची.

नवव्या दिवशी प्रणोतीनं एक फोटो पाठवला. बाळाचा नव्हता. बाळाच्या दवाखान्यातल्या फाईलचं पहिलं पान होतं. सगळ्यात वर त्या पोरीचं नाव, खाली आईचं, आणि तिच्या खाली एक ओळ: आजोबा, आईकडचे, मुरलीधर गावंडे. पुढं इन्फार्तो, दोन स्टेंट, साखर. त्याखाली पणजोबाही होते.

मुरलीधरराव त्याच दिवशी सराफा बाजारात गेले आणि एका दुकानातून त्या पानाची मोठी रंगीत प्रिंट काढून, वर प्लॅस्टिक चढवून घेऊन आले. चौदा महिने ज्या माणसानं आपला आजार लेकीपासून लपवला, तो आता तोच आजार कांचघरच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात दाखवून आला. अभिनंदन कशाचं करायचं हे न कळताच लोकांनी ते केलं.

संध्याकाळी दुबेजी आले. त्यांनी प्रिंट उजेडाकडं धरली, उलटसुलट केली. "बच्ची कहाँ है इसमें?"

"ये ऊपर, उसका नाम। और ये मैं।"

दुबेजींनी दोन्ही नावं पाहिली आणि मान हलवली. मग जरा वेळानं, रेल्वेच्या जुन्या सवयीनं, त्यांनी विचारलं, "वैसे गावंडेजी, ये बायादोलिद यहाँ से कितनी दूर पड़ता है?"

मुरलीधररावांनी कागद आपल्याकडं ओढला, नातीच्या नावापासून आपल्या नावापर्यंत बोटं ठेवून पाहिली, आणि समोरच्याला मराठी येत नाही हे विसरून म्हणाले, "दोन बोटं."